कुणाचीच नसलेली कंबर

मी जुना आहे, हे मला मान्य आहे. पुतळा आहे, हेही मान्य. पण चौकात हात वर करून उभा असतो तसला पुतळा नव्हे, मित्रांनो. मी कपडे शिवण्याच्या दुकानातला पुतळा. खाली लोखंडी दांडा आणि वर मानेपासून मांड्यांपर्यंत बाईचं धड, बस्स. हात नाहीत, डोकं नाही. तुम्ही म्हणाल, डोकंच नाही तर हा सांगणार काय कपाळ! अहो, ज्यांना डोकी होती त्यांनी माझ्या कंबरेपायी काय दिवे लावले, तेच तर सांगायचं आहे. इतकी वर्षं टाचण्या टोचून घेतल्या, आता मी जरा टोचून बोललो तर राग मानू नका. मानलात तरी मी बोलणारच आहे.

माझा जन्म एका कागदकाम करणाऱ्या कारागिराच्या खोलीत झाला. पुतळा बनवायला त्याला साचा हवा होता, आणि साच्यासाठी जिवंत माणूस. त्याची मेहुणी शेजारच्या गल्लीत पाव भाजायची. अंगापिंडाने भरलेली, भट्टीपुढे उभी राहून लालबुंद झालेली, आवाज असा की दोन घरं पलीकडे ऐकू जावा. कारागिराने तिला एक जुना घट्ट झगा घालायला लावला आणि त्यावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे थरावर थर चढवले. वाळेपर्यंत हलायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. पण ती कसली ऐकते! तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसायची, मधूनच पावाचा तुकडा तोंडात टाकायची. त्यामुळे माझं पोट डावीकडे जरा जास्त आलं. कारागीर ते घासून सारखं करायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. माझं पोट आहे ते, तुझं काय अडलंय?"

पोट राहिलं. मग पाठीमागून कागद कापून तिला सोडवलं, चीर पुन्हा जोडली, आत दांडा बसवला, वरून कापड ताणून शिवलं, आणि झालो मी तयार. मी कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या अंगावरून निघालो, हसत्या खात्या बाईच्या अंगावरून, याचा मला आजही तोरा आहे.

मला विकत घेतलं आत्याने. ती काही माझी आत्या नव्हे. सगळी गिऱ्हाइकं तिला आत्याच म्हणायची. दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं. पुढे काचेची मोठी खिडकी, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावलेली कपडे बदलायची जागा, आणि मागच्या दोन खोल्यांत घर. आत्याने मला खिडकीत उभं केलं, माझ्या पोटावर एक थाप मारली आणि म्हणाली, "वा! खात्यापित्या घरचा दिसतोय." तेव्हा हे कौतुक होतं, मित्रांनो. तो काळच तसा होता. गावात खोकल्याचा वाईट आजार होता. अंगावर मांस नाही म्हणजे घरात काहीतरी लपवतायत, असा लोक अर्थ काढायचे. डॉक्टर नाडी बघायच्या आधी गाल बघायचे. आया मुलींना घेऊन यायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, बघ, अंग असं हवं.

म्हणजे जाडांचं तेव्हा बरं चाललं होतं, एवढंच. बारीक असणाऱ्यांचे मात्र हाल कुत्रा खात नव्हता. एक तरुण मुलगी यायची, पुढे ती शाळेत शिकवायला लागली, म्हणून मी तिला बाईच म्हणतो. अंगाने काडी, पण तब्येत ठणठणीत. रस्त्याने पळत सुटली की मुलगे मागे पडायचे. तिचं लग्न ठरत होतं आणि तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फुंकर मारली तर उडेल अशी पोर कोण पसंत करणार? घरात तिला उलटी होईपर्यंत दूध आणि लोणी पाजलं. ती काही भरेना. शेवटी आईने आत्याला गळ घातली, आणि आत्याने झग्याच्या आत कापसाचं अस्तर शिवून दिलं. पाहुणे बघून गेले, खूश होऊन गेले. कापूस पसंत पडला. बाई भर उन्हाळ्यात तो झगा घालून घामाघूम होऊन बसली होती, आणि परत आली ती डोळे सुजवून.

आत्याचा स्वभाव मोकळा. शिवणीत जे जादा कापड दाबून ठेवतात त्याला आम्ही दुकानात माया म्हणतो. आत्या ती दोन्ही बाजूंनी भरपूर सोडायची. ती म्हणायची की माणसाचं अंग आज एक, उद्या एक. बाळंतपण होतं, आजारपण येतं, चार बरे दिवस येतात. कापड आपलं, अंग दुसऱ्याचं. वाकायचं ते कापडाने.

मग हळूहळू वारं फिरलं. मासिकांत चित्रं यायला लागली, भिंतींवर जाहिराती लागल्या. आधी खांदे रुंद हवे झाले, तेव्हा माझ्या खांद्यांवर स्पंज बांधले. दोन वर्षांत ते काढले, कारण आता खांदे नाजूक हवे होते. मग कंबर बारीक आणि खालचा भाग भरलेला. मग खालचाही नको. अंग म्हणजे जणू खिडकीचा पडदाच झालं, या मोसमात हा, पुढच्या मोसमात तो. खोकल्याचा आजारही हटला होता, त्यावर औषध निघालं होतं, आणि ज्या पोटावर थाप मारून लोक आत यायचे त्याच पोटाला बघून बाहेरच्या बाहेर हसायला लागले. पोट तेच होतं बरं का. मी तर कागदाचा. मी कुठे वाढणार?

याच सुमारास आत्याचे डोळे अधू झाले आणि दुकान सूनबाईंच्या हाती आलं. सूनबाईंना वाईट म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. हात सोन्याचा, सकाळी उठल्यापासून काम. पण माहेरी लहानपणी त्यांना सगळे भोपळा म्हणायचे, आणि तो भोपळा त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्या जेवायला कधी धड बसायच्या नाहीत. उभ्या उभ्या अर्धी पोळी मोडायची आणि हात धुवायचा. दुकानात आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर माझं पोट घालवायला सुताराला बोलावलं.

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथून सुरू झालं. सूनबाईंनी खडूने माझ्यावर खुणा केल्या. दोन बाजूंना दोन, पुढे एक, मागे एक. त्यांचं म्हणणं असं की कापायचं फक्त बाजूंना. पुढची-मागची खूण मध्य कळावा म्हणून. हे त्यांनी सुताराला सांगितलं, पण शिवणयंत्र चालू असताना सांगितलं. सुतार बिचारा खूण दिसली की कापणारा माणूस. त्याने चारही ठिकाणी पाचरीसारखे तुकडे काढले, कडा ओढून एकमेकींना भिडवल्या, सरस लावला, करकचून दोरी बांधली आणि निघून गेला. दोरी सोडली तेव्हा माझी कंबर कुणाचीच राहिली नव्हती. दांड्याला कागद गुंडाळावा तशी दिसत होती.

मला वाटलं, आता सूनबाई कपाळाला हात लावतील. त्यांनी माझ्याभोवती टेप धरली, पाहिलं, परत पाहिलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं आणि ओरडलं, "अगं बाई, काय सुंदर फिगर आहे!" झालं. सूनबाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "हो, नवीन पद्धतीची आहे." चुकीला पहिल्याच दिवशी चूक म्हटलं नाही की तिला फॅशन म्हणतात.

मग त्या कंबरेवर दुकान चालायला लागलं. खिडकीतला ड्रेस माझ्या मापाने शिवायचा, आणि माया सोडायची नाही, कारण त्याने कापड जाड दिसतं. सूनबाईंनी आणखी एक टूम काढली. भिंतीवर रिकामी चौकट टांगली आणि सांगितलं, ज्या मुलीला खिडकीतला ड्रेस न उसवता बसेल, तिचा फोटो यात लागेल. पोरींची रीघ लागली. पडद्यामागे जायच्या हसत आणि यायच्या लाल डोळ्यांनी. ड्रेस चुकलाय, असं एकीच्याही मनात आलं नाही. सगळ्यांना वाटायचं की आपलंच अंग चुकलंय. चौकट वर्षानुवर्षं रिकामी राहिली, पण त्याने तिचा भाव वाढतच गेला.

त्या दिवसांत बाई परत आल्या. आता शाळेच्या मुख्याध्यापिका, तीन मुलांच्या आई, अंगाने चांगल्या भरलेल्या. कोट शिवायचा होता. सूनबाईंनी माप घेता घेता गोड शब्दांत सुचवलं की थोडं वजन कमी केलंत तर कोट उठून दिसेल. बाई इतक्या हसल्या की टेप सुटली. म्हणाल्या, "मी बारीक होते तेव्हा जगाला जाड हवं होतं. मी जाड झाले तर जग बारीक झालं. आता मी जगाच्या मागे पळायचं सोडलंय बाई, गुडघे दुखतात." रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालत जाते, कारण वारा छान असतो, असंही त्यांनी सांगितलं. वजनाचं नाव काढलं नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात कुठून आणू?

सूनबाईंना एकच मुलगी. जन्मली ती गुटगुटीत, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं ढबू. आजीच्या तोंडी त्या नावात साखर असायची. पोरगी माझ्या दांड्याभोवती खेळत मोठी झाली. पण शाळेत ते नाव कुणीतरी ऐकलं आणि वर्गाने त्याची शिवी करून टाकली. एक दिवस तिने घरात येऊन सांगितलं की यापुढे मला कुणी ढबू म्हणायचं नाही. आत्या बिचारी कितीतरी दिवस हाक मारताना अडखळायची.

पोर नर्सिंग शिकायला लागली आणि त्याच वर्षी दुकानाचा वाढदिवस आला. सूनबाईंनी खिडकीत हिरवा रेशमी ड्रेस चढवला. त्या सहज बोलून गेल्या, की आपल्या घरातल्याच मुलीचा फोटो त्या चौकटीत लागला तर काय बहार येईल. सहजच, हो. पण पोरीने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. मग ती हुशार झाली. डबा रिकामा यायचा, आणि रस्त्यावरची कुत्री दुकानाच्या दारात तिची वाट बघत बसायची. थंडी नसताना ती दोन-दोन स्वेटर घालायची. टेबलाशी आईला मदत करताना तिच्या बोटांतून टाचण्या गळायच्या. कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे.

आणि लोक काय म्हणत होते? किती छान बारीक झालीस गं! काय करतेस, आम्हालाही सांग! एकेका वाक्यासरशी पोर एकेक घास सोडत होती. सूनबाईसुद्धा पहिले काही आठवडे अभिमानाने बघत होत्या. ज्या काळात अंगावर मांस नसलं की माणसं घाबरायची तो काळ मी पाहिला होता, आणि आता पोर डोळ्यांदेखत वाळत होती तर सगळे टाळ्या पिटत होते. मला एवढा संताप आयुष्यात कधी आला नाही. आत्याला दिसत नव्हतं, पण तिने एकदा नातीला जवळ घेतलं आणि तिचा हात पाठीवरच थांबला. त्या रात्री सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण झालं. आत्याचं म्हणणं, पोर आजारी आहे. सूनबाईंचं म्हणणं, तुमच्या काळी सगळ्यांनाच असं वाटायचं. पण त्या म्हणाल्या ते जरा हळू आवाजात.

सुट्टीचा वार होता. दुकान बंद, सूनबाई कापड आणायला बाहेर गेलेल्या, आत्या मागच्या खोलीत पडलेली. भर दुपारी पोर एकटीच दुकानात आली. तिने माझ्या अंगावरचा हिरवा ड्रेस उतरवला आणि पडद्यामागे न जाता माझ्यासमोरच, आरशात बघत अंगात चढवला. खांदे बसले. छाती बसली. आणि बरगड्यांशी ड्रेस अडला. तिने श्वास सोडला, पोट आत ओढलं, ओढायला पोट होतं कुठे! बोटांनी चाचपून पाहिलं. अडलं होतं ते मांस नव्हतं, हाड होतं. आरशातल्या स्वतःला ती म्हणाली, "आता अजून कुठून कमी करू?"

मित्रांनो, ते वाक्य मी विसरू शकत नाही. विसरणारही नाही.

पुढच्याच क्षणी तिला भोवळ आली. आधाराला तिने मलाच मिठी मारली, आणि आम्ही दोघं फरशीवर आपटलो. सुताराने जिथे जिथे सरस लावला होता तिथे तिथे मी उकललो.

पोर भानावर आली तेव्हा तिचं तोंड माझ्या फुटलेल्या कंबरेसमोर होतं. ती तशीच पडून आत बघत राहिली. मग हात पुढे करून तिने कागदाची भिंत आणि दांडा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. दोन मावली, तिसरं जाईना. ती उठून बसली आणि पुटपुटायला लागली, परीक्षेआधी धडा पाठ करायची तशी. इथे मणका. इथे यकृत. इथे जठर, मागे मूत्रपिंडं, खाली आतड्यांची वेटोळी. एकेका नावागणिक ती माझ्या आत जागा शोधत होती. मणकाच कसाबसा मावत होता. बाकी कशालाच जागा नव्हती.

आवाजाने आत्या भिंत चाचपडत बाहेर आली, आणि त्याच वेळी सूनबाईंनी दार उघडलं. लेक फरशीवर, अंगात अर्धवट अडकलेला ड्रेस, शेजारी मी दुभंगलेला. सूनबाईंच्या हातातलं कापडाचं गाठोडं खाली पडलं. लेकीने त्यांचा हात धरला आणि माझ्या कंबरेत घातला.

"आई," ती म्हणाली, "यातून जेवण कुठून खाली जाणार, ते मला दाखव."

सूनबाईंनी हात काढून घेतला नाही. त्या म्हणाल्या, "सुताराने चुकून चारही बाजूंना कापलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"लोकांना आवडलं. आणि मला वाटलं, कधीतरी आपणच बसू त्यात." मग त्यांनी मान खाली घातली. "दर वर्षी दार लावून खिडकीतला ड्रेस घालून बघते मी. दर वर्षी."

आत्याने कुणालाही रागावलं नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने नातीचं डोकं मांडीवर घेतलं. सूनबाईंनी कात्री आणली आणि लेकीच्या अंगातला तो रेशमी ड्रेस खालपासून वरपर्यंत सरळ कापला. तो आवाज मला फार गोड वाटला.

आता कुणी म्हणेल, मग पोरीने पोटभर जेवण केलं आणि गोष्ट संपली. तसं होत नाही. उपाशी राहायची सवय लागते तेव्हा घास शत्रू होतो. डॉक्टरांकडे जावं लागलं, कितीतरी महिने जावं लागलं. पानात वाढलेलं बघून पोर रडायची. एक दिवस तिने अटच घातली. म्हणाली, "आई, तू जेवढं खाशील तेवढंच मी खाईन." सूनबाई चांगल्याच पेचात सापडल्या. अर्धी पोळी खाल्ली तर पोर अर्धीच खाणार. बसून जेवायची सवय नाही, तर खुर्चीवर कशा चुळबुळायच्या! पण बसल्या. लेकीसाठी बसल्या, आणि आधी एक, मग दोन अशा पूर्ण पोळ्या खायला शिकल्या. कोण कुणाला बरं करत होतं, हे मला अजून नीट सांगता यायचं नाही.

मला फेकून द्यायचं ठरत होतं. पोर आडवी आली. हाड मोडल्यावर गुंडाळतात ना, तसल्या पट्ट्या तिने ओल्या करून माझ्या कंबरेभोवती गुंडाळल्या, थरावर थर, आत हवेला जागा ठेवून. हात शिकाऊ, त्यामुळे मी जरा खडबडीत झालो आहे. एक गिऱ्हाईक परवा नाक मुरडून म्हणालं, हा असा कसा वाकडातिकडा? सूनबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या की माणसं अशीच असतात, कपडा आम्ही बरोबर शिवतो. काहीजणी दुकान सोडून गेल्या. जाऊ देत.

तर मित्रांनो, माझं सांगणं ऐका, आणि नाही पटलं तर परत ऐका. पळा, पोहा, झाडावर चढा, आजारी पडलात तर डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने करा. अंगाची निगा राखा, ते एकच मिळतं. पण कुणी खिडकीत एखादं धड उभं करून म्हणालं की असं व्हा, तर आधी त्याच्या आत हात घालून बघा. एका काळी जगाने बारीक मुलींना दूध पाजून छळलं, दुसऱ्या काळी जाड मुलींना उपाशी मारलं, आणि तिसऱ्या काळी ते आणखी काहीतरी शोधून काढेल. शोधू दे. मित्राच्या पोटावरून हसू नका आणि त्याच्या बरगड्यांवरूनही हसू नका. कपडा बसत नसेल तर कपडा उसवा. माझ्यावर आता कुणीही खडू चालवायला येऊन बघावं!

बास, थांबतो. मागच्या खोलीत पानं मांडली आहेत, मधलं दार उघडं आहे आणि मला तिकडे लक्ष द्यायचं आहे. आज पोर रुग्णालयातून दमून, भुकेजून आली आहे. आत्या तिला बिनधास्त ढबू म्हणते आहे आणि पोर तिला ओ देते आहे. सूनबाईंचं जेवण झालं असावं, कारण त्यांनी पोळ्यांचं भांडं लेकीकडे सरकवलं. आता त्या उठतील, असं मला वाटलं. पण त्या लेकीला म्हणाल्या, "अजून एक वाढ गं मला. भूक आहे."

आणि पोरीने भांडं आईकडे सरकवायच्या आधी स्वतःच्या पानात एक वाढून घेतली.